दम राखणाऱ्या टिपणीस बाई

डॉ. शरयू टिपणीस पेशंटला नाव विचारण्याआधी खोकायला सांगत. समोरचा माणूस गोंधळून म्हणे, "आत्ता येत नाहीये हो." त्यावर त्या म्हणत, "मुद्दाम खोका. लाजू नका, इथे सगळे त्यासाठीच येतात." मग डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून त्या ऐकत. कोरडा, ओला, घशातला, छातीतला आणि नुसता बायकोला ऐकवायचा, असे खोकल्याचे प्रकार त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या. आणि लगेच पुस्ती जोडायच्या, "हा माझा अंदाज. निदान तपासणीनंतर. मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नव्हे."

ठाण्यात खोपटच्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि त्याच्या बरोबर वर त्यांचं घर. आम्ही साळवी तिसऱ्या मजल्यावर. बाबा एसटीत कंडक्टर होते, डेपो जवळ म्हणून त्यांनी इथे जागा घेतलेली. बाबा गेल्यानंतर घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण शलाका अशा तिघीच उरलो. टिपणीस बाई सरकारी इस्पितळात आयुष्यभर छातीच्या रोग्यांमध्ये काम करून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडली होती, पण पाठ ताठ. सुती साडी आणि त्याखाली पळायचे बूट, हा त्यांचा वेश. कुणी हसलं तर म्हणत, "साडी लोकांसाठी आहे, बूट माझ्यासाठी."

सोसायटीचा सफाई कामगार सकाळी आवारातली सुकी पानं गोळा करून पेटवायचा. एकदा बाई बादली घेऊन खाली आल्या आणि त्यांनी ती धुनी विझवली. सेक्रेटरी तावातावाने आले. "डॉक्टर, झाडाची पानं आहेत ती. प्लास्टिक थोडंच जाळतोय? नैसर्गिक आहे सगळं."

"जाळलं की नैसर्गिक संपलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "फुफ्फुसाला धुराची जात कळत नाही. धूर तो धूर." त्या महिन्याच्या सभेत त्यांनी पानांचं खत करायचा ठराव मंजूर करून घेतला, आणि खड्डा खणायला पहिली कुदळ स्वतः मारली. सेक्रेटरींच्या बायकोची कुंडीतली मिरची त्या खतावर इतकी फोफावली, की पुढे तेच खताचे मोठे पुरस्कर्ते झाले.

शलाका कबड्डी खेळायची. चढाईला गेली की तिचा आवाज शेवटपर्यंत एका सुरात राहायचा. एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत समोरच्यांच्या अंगणात जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न तोडता परत यायचं, एवढाच हा खेळ. त्या वर्षी ती घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत लागली होती. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. घरी यायची ती थकून, आणि सकाळी उठली की खोकत असायची. आधी आम्ही दुर्लक्ष केलं. मग भिवंडीच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, ऐन चढाईत तिला खोकल्याची उबळ आली. दम तुटला. पंचांनी तिला बाद दिलं आणि संघ हरला. मैदानाबाहेर एकटीच बसलेली शलाका मला अजून दिसते.

आईने क्षयाचा धसका घेतला. तिच्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी मी शलाकाला टिपणीस बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी तिला खोकायला लावलं, छाती ऐकली, पाठ ऐकली. छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आले, ते स्वच्छ होते. ते टेबलावर ठेवून बाईंनी विचारलं, "ताईला बाहेर बसवू का?"

शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबू दे तिला. मी गांजा ओढते, डॉक्टर. ऑफिसातले काहीजण एका फ्लॅटवर जमतात, तिथे. आधी कधीतरी होतं, आता जवळजवळ रोज."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. "कशासाठी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"झोप लागत नाही. ऑफिस, प्रॅक्टिस, सिलेक्शन, डोकं थांबतच नाही. आणि ते सिगरेटसारखं नसतं ना. त्यात केमिकल नाही, झाडच आहे. खोकला येतो, पण सगळे म्हणतात, चांगलं आहे, छाती मोकळी होते."

"तुळससुद्धा झाडच आहे. वाळवून, जाळून तिचा धूर ओढलास तरी खोकशीलच." बाईंनी एका कागदावर झाडाच्या उलट्या फांद्यांसारख्या श्वासनलिका काढल्या. "हे बघ. या नळ्यांच्या आतल्या कातडीत बारीक मज्जातंतू आहेत, पहारेकऱ्यांसारखे. गरम, कोरडा धूर, त्यातली राख, डांबर आत आलं की ते ओरडतात आणि शरीर सगळं बाहेर फेकतं. तो खोकला. छाती मोकळी होत नाही, छाती 'बाहेर हो' म्हणतेय. त्यात तुम्ही सिगरेटपेक्षा खोल ओढता, वर आत धरून ठेवता. मध्ये गाळणीही नसते. चिलमीत काय किंवा कागदात काय, आत जातो तो धूरच."

"पण ओढत नाही तेव्हाही खोकला येतो. सकाळी तर जास्त."

"कारण या नळ्यांना आतून केसांसारखं अस्तर असतं. ते दिवसरात्र झाडू मारत असतं, कफ वर ढकलत असतं. रोजच्या धुराने ते लुळं पडतं. नळ्या सुजतात, कफ वाढतो आणि काढायला कुणी नसतं. मग खोकूनच काढावा लागतो. तू कबड्डीसाठी जो दम साठवतेस ना, तोच तू धुराला भाड्याने दिला आहेस."

"परत येईल?"

"वय तुझ्या बाजूने आहे, रिपोर्ट तुझ्या बाजूने आहेत. धूर बंद केलास तर यायला हवा. झोपेचं आपण वेगळं बघू, तोही आजारच आहे, त्याची लाज नको. आणि आईला काय सांगायचं ते तू ठरव. मी क्षय नाही एवढंच सांगेन, कारण तेवढं खरं आहे."

घरी शलाकाने आईला सांगितलं, की खोकला रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुराचा आहे. त्यानंतर बाई रोज सकाळी गच्चीवर शलाकाबरोबर उभ्या राहू लागल्या. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवायच्या. जिने चढत 'कबड्डी' म्हणायला लावायच्या आणि स्वतः मागून चढायच्या. "मी तुझ्या आधी पोचले तर तुझी नोकरी मला दे," म्हणायच्या. झोपेसाठी त्यांनी ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे तिला स्वतः नेलं.

पण धूर बंद केल्यावर शलाकाचा खोकला आधी वाढलाच. कफ थांबेना, चिडचिड व्हायची, फ्लॅटवरच्यांचे फोन यायचे. एका सकाळी ती गच्चीवर न जाता तडक दवाखान्यात गेली. मी मागोमाग. "तुमचं चुकलंय, डॉक्टर. ओढत होते तेव्हा बरी होते. काही उपयोग नाही याचा."

बाईंनी आधी तिची छाती नीट ऐकली. मग म्हणाल्या, "झाडूवाले कामावर परत आलेत. इतक्या दिवसांचा कचरा साचलेला, आवाज होणारच. आत्ता त्यांना पुन्हा रजेवर पाठवू नकोस." शलाका रडली. बाईंनी तिला रडू दिलं, पेशंटना बाहेर थांबवून ठेवलं, आणि मग म्हणाल्या, "चल, गच्चीवर. रडल्यावर श्वास छान खोल जातो."

हळूहळू सकाळचा खोकला विरळ झाला, मग एक दिवस आलाच नाही. आईने स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं, की पोरगी उठली आहे ना.

पुढच्या हंगामात कल्याणला जिल्ह्याची स्पर्धा होती. शलाकाचा संघ अंतिम फेरीत गेला आणि बाई दवाखाना बंद ठेवून आईबरोबर पहिल्या रांगेत येऊन बसल्या. शेवटची चढाई शलाकाची होती. संघ एका गुणाने मागे. एकीला शिवलं तर बरोबरी, दोघींना शिवलं तर जिंकणार. ती आत शिरली. तिचा पाय कोपऱ्यातल्या मुलीला लागला, आणि वळेपर्यंत दुसरीने तिची कंबर धरली. दोघी खाली पडल्या. मैदानात गलका झाला, पण त्या गलक्यातूनही तिचा 'कबड्डी, कबड्डी' स्पष्ट ऐकू येत होता. तिने स्वतःला, आणि कंबरेला लटकलेल्या त्या मुलीलाही, इंचाइंचाने ओढत आणलं. बोटं मध्यरेषेला लागली तेव्हाही आवाज चालू होता. पंचांनी दोन बोटं वर केली. बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या, त्या पळायच्या बुटांसकट, आणि आई त्यांचा पदर धरून त्यांना सावरत होती.

बक्षीस घेऊन शलाका सरळ आईकडे आली. "आई, एक सांगायचंय. तो खोकला गाड्यांच्या धुराचा नव्हता."

"माहीत आहे," आई म्हणाली. "कपडे मी धुते तुझे. गावाला देवळाच्या ओट्यावर चिलीम ओढणारी माणसं लहानपणापासून बघितलीत, तो वास मला कळत नाही होय? क्षयाची भीती होतीच, पण तुला डॉक्टरांकडे पाठवायच्या आधीच मी त्यांच्या कानावर घातलं होतं."

आम्ही दोघींनी बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला आधीच माहीत होतं?" मी विचारलं. "मग तिला विचारलं का नाहीत?"

"मी विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि नाही म्हटल्यावर ते निभावत बसली असती. तिचं तिने सांगितलं, म्हणून सोडणंही तिचंच झालं."

ठाण्याला परतताना संघाच्या गाडीत पोरींनी बाईंना मधल्या सीटवर बसवलं आणि एका दमात कोण सर्वांत लांब 'कबड्डी' म्हणतं याची पैज लावली. आई समोर दिसणाऱ्या दुर्गाडीच्या पुलापर्यंतही टिकली नाही. बाई थोड्या पुढे गेल्या आणि हसू आल्याने बाद झाल्या. मग एकेक आवाज थांबत गेला. शेवटी गाडीत फक्त शलाकाचा आवाज उरला आणि आम्ही सगळ्या गप्प बसून तो ऐकत राहिलो.