नळावर गेलेली मालकीण

माघातली थंडी अजून हटली नव्हती. रहाटणीच्या गल्लीवर धूर आणि धुकं एकमेकांत कालवून पसरलं होतं आणि समोरच्या सोसायटीचे वरचे मजले त्यात गडप झाले होते. पाण्याचा दिवस होता. दिवसाआड येणारं पाणी, तेही उजाडताना थोडा वेळ. खालून केसरबाईची हाळी आली.

"ए परांडा! उठला का न्हाय? नळ आलाय!"

केसरबाई घरमालकीण. मूळची रहाटणीचीच. तिच्या सासऱ्यानं जिथं ज्वारी केली, तिथं आता भाड्याच्या खोल्या उभ्या होत्या. भाडेकरू येणार-जाणार, त्यांची नावं कुठं ध्यानात ठेवा, म्हणून ती सगळ्यांना तालुक्यानंच हाका मारायची. लोहा, उदगीर, गेवराई. वरच्या मजल्यावरचा ज्योतीराम हा परांडा.

"आलो काकू," म्हणत ज्योतीरामनं डाव्या हातानं कळशी उचलली. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. वरून शाल घेतलेली, म्हणून ती झोळी कुणाला दिसत नव्हती. दिसू नये अशीच तजवीज होती. हात मुरगळलाय, एवढंच त्यानं गल्लीत सांगून ठेवलेलं.

खांदा आतून शिवलेला होता. चाकणच्या एका कंपनीत रंगाच्या शॉपमध्ये, डोक्यावरून सरकत जाणाऱ्या आकड्यांना लोखंडी पार्ट टांगायचे, हे त्याचं काम. शिफ्टभर हात वर. एक टांगला की दुसरा हजर. पन्नाशीपर्यंत खांद्यानं सोसलं आणि एके दिवशी पार्ट हातातच राहिला, हात वर जाईनाच. खांद्याच्या गोलाला चार स्नायूंच्या शिरांनी टोपीसारखं धरून ठेवलेलं असतं म्हणे. त्यातली वरची शीर फाटली होती.

दाखवत दाखवत तो पिंपरीतल्या एका दवाखान्यात पोचला. तिथं नेमका असल्याच खांद्यांचा अभ्यास चालू होता. निम्म्या माणसांना दुर्बिणीतून टाके घालायचे, निम्म्यांकडून नुसता व्यायाम करून घ्यायचा आणि वर्षभरानं कुणाचा हात कितपत चालतो ते पडताळायचं. कोण कुठल्या गटात जाणार ते डॉक्टरच्याही हातात नव्हतं. कॉम्प्युटर चिठ्ठी काढायचा.

"काका, ऑपरेशनची चिठ्ठी निघाली तर सहा आठवडे हात झोळीत राहील," तिथली मिनल मॅडम म्हणाली होती. अभ्यासातल्या पेशंटांचं सगळं तीच बघायची. "आंघोळीला, कपड्याला, घरी कोणी आहे ना?"

"हाय की. मालकीण हाय."

मालकीण, म्हणजे त्याची बायको, होती, पण तिकडं गावी. सुभद्राबाई. ज्योतीरामची आई अंथरुणाला खिळलेली, तिचं हगणं-मुतणं सगळं सुभद्राच काढत होती. एकट्या माणसाला हे लोक घेणार न्हाईत, असं ज्योतीरामच्या मनानं घेतलं आणि तोंडातून शब्द निघून गेला. व्यायामाची चिठ्ठी निघती तर तो शब्द तसाच विरून जाता. निघाली ऑपरेशनची. ऑपरेशनच्या दिवशी खालच्या खोलीतला नवनाथ, म्हणजे केसरबाईचा 'लोहा', मेव्हणा म्हणून सोबत गेला. बाईला ताप आलाय, असं दोघांनी मिळून सांगितलं.

मग एका हाताचा संसार सुरू झाला. भात कुकरला लावायचा, वर कोरडी चटणी. सदऱ्याची आधी उजवी बाही, मग डावी. सगळ्यात जास्त जेरीस आणलं ते लेंग्याच्या नाडीनं. एक टोक दातात धरून गाठ मारावी, तर तोंड कमरेपर्यंत पोचायला माणूस मांजराच्या जातीचा लागतो. शेवटी त्यानं नाडीचा नाद सोडला आणि एलास्टिकच्या पँटी आणल्या.

मिनलचा फोन यायचा. "मालकिणीला द्या बरं, काका. झोळी कशी बांधायची ते त्यांनाच नीट सांगते."

"ती नळावर गेलीया."

पुढच्या खेपेलाही ती नळावरच. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

"तुमच्या मालकीणबाईंना नळाशिवाय दुसरं काम नाही का हो?" मिनल हसली. "आमच्याकडं दिवसाआड येतं पाणी. तुमच्याकडं बरं धो धो वाहतंय!"

तोही हसला. फोन ठेवल्यावर खोलीत बघितलं. दोरीवर एकच टॉवेल, मांडणीत एकच ताट.

संध्याकाळी गावाकडून फोन. "जेवलाव का?" सुभद्रा विचारायची.

"जेवलो."

"कामाला गेलताव?"

"गेलतो की. आईचं कसं हाय?"

"हाय तसंच."

दवाखान्यात सुभद्रा इथं होती. सुभद्राच्या लेखी तो कंपनीत लाइनीवर होता. दोन्हीकडून 'बरं हाय' म्हणून झालं की मधल्या रिकाम्या खोलीत ज्योतीराम राहायचा आणि भिंतीपलीकडच्या टीव्हीचा आवाज ऐकत पडायचा. शिवलेल्या अंगावर निजता येत नव्हतं. दुसऱ्या अंगावर निजलं की तोंड भिंतीकडं.

पाणी नवनाथ भरून द्यायचा. पण या आठवड्यात त्याची शिफ्ट बदलून पहिली आली आणि तो अंधारातच कंपनीच्या बसला गेला. म्हणून आज ज्योतीराम स्वतः कळशी घेऊन उतरला होता. अर्धी अर्धी भरून नेऊ, त्यात काय एवढं, असं म्हणत दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला जिन्यात सांडलेल्या पाण्यावर पाय सरकला, डाव्या हातातली कळशी सुटली आणि उजवा हात आपसूक झोळीतून उसळला. त्या हाताला कुठं ठाऊक त्याला बंदी आहे. त्यानं वरच्यावर कळशी झेलली.

खांद्यात सुतळी तुटावी तसं काहीतरी झालं. ज्योतीराम पायरीवरच बसला. डोळ्यांपुढं काजवे.

"काय सांडलं रं?" खालून केसरबाई.

"काय न्हाई काकू. बरं हाय."

त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. बाहेरच्या बाकावर मोशीकडचा एक माणूस बसलेला. त्याची बायको त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती आणि तोंडानं पट्टा चालू होता, "हात ढिला सोडा की वो! जुवात शिवळ घातलेल्या बैलावानी काय ताठ धरलाय?" शेवटचं बटण लागेपर्यंत ज्योतीराम तिकडंच बघत राहिला.

आत तेजस्विनी मॅडम. ही फक्त प्रश्न विचारणारी. कुणाला टाके घातलेत नि कुणाला नाही, हे तिला कळू द्यायचं नसायचं, नाहीतर तिचा कल एका बाजूला झुकायचा. म्हणून सगळ्यांनी झोळ्या बाहेर काढून, पूर्ण बाह्यांचे सदरे घालून तिच्यापुढं बसायचं.

"दुखणं शून्य ते दहामध्ये सांगा, काका. दहा म्हणजे अगदी सहन न होणारं."

"दोन."

परक्या लेकीबाळीपुढं दुखणं उघडं करून बसू नये, असंच वळण होतं त्याच्या घरचं.

"सदरा घालताना कुणाची मदत लागते?"

"मालकीण…" म्हणून तो अडखळला. बाहेरच्या बाईचं बोलणं अजून कानात होतं. "ताई, ह्ये आकडं घेऊन तुमी करताव काय?"

"तुमच्यासारखे खांदे घेऊन पुढं जे येतील, त्यांना काय सांगायचं ते यावरनं ठरेल. तुम्ही दोन म्हणालात की आम्ही दोनच धरणार. तुमच्या खांद्यात शिरून बघायला मी येऊ शकत नाही ना."

लाइनीवर आता ज्योतीरामच्या जागी दुसरा कुणी उभा असणार. त्याचाही हात दिवसभर वर.

"सात धरा मग," तो म्हणाला. "निजताना आट. आन् मालकीण न्हाई. म्हंजी हाय, पर इथं न्हाई. कवाच नव्हती."

तेजस्विनीनं पेन खाली ठेवलं आणि मिनलला हाक मारली.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. टाक्यांचा एक कोपरा सैल पडला होता, बाकीचे धरून होते. आता सांभाळलं तर कोपराही चिकटेल. आणखी एक हिसका बसला तर सगळंच सुटेल आणि मग हात खांद्याच्या वर नेण्याचा विषय संपला. ज्योतीरामला उलगडून सांगायची गरज नव्हती. हात वर जाईना तर लाईन नाही, लाईन नाही तर चाकण नाही.

मिनल चिडली होती. झोळी परत बांधताना म्हणाली, "आधी बोलला असतात तरी घेतलंच असतं तुम्हाला. एकटी माणसं आहेत की अभ्यासात. त्यांची सोय बघतो आम्ही. मी वेड्यासारखी तुमच्या मालकिणीला फोन करत बसले!"

"चुकलं मॅडम."

"आता घरी कुणाला तरी सांगा. हे माझं औषध समजा."

संध्याकाळी त्यानं सुभद्राला सांगितलं. सगळं, चिठ्ठीपासून. ती रडेल, वरडेल, असं वाटलं होतं.

"मग पाणी कोण भरायलंय?" तिनं विचारलं.

त्यानं कोपऱ्यातल्या कळशीकडं बघितलं.

"येऊ का मी?"

"आन् आईला कोण?"

तिकडं आई खोकली. सुभद्रानं तिला 'आले, आले' म्हटलेलं ऐकू आलं.

"त्या घरवाल्या काकूला सांगा," शेवटी ती म्हणाली. "तोंड हाय न्हवं?" आणि आईकडं गेली.

पाण्याचा दिवस उजाडला. "ए परांडा! नळ आलाय!"

ज्योतीराम आज शाल न घेताच जिना उतरला. झोळी उघडी. "काकू, खांदा शिवलाय माजा. कळशी वर न्यायला जमंना."

केसरबाई बघतच राहिली. "कवा शिवला?"

"सहावा आठवडा चालू हाय."

"आन् मी हितं बोंबलतीय, नळ आला, नळ आला! तोंडाला बी टाकं घातलं व्हतं का रं मुडद्या? एवढा मोठा पाईप पडलाय माजा मोटारीचा." तिनं पाईप ओढत आणला, वरच्या कठड्यावरून दोरी टाकून त्याचं टोक वर ओढलं. "जा वर. मोटार लावते, धरून बस नुसता. उजवा हात लावशील तर बघ!"

तो वर गेला. डाव्या हातानं पाईप आत घेऊन पिंपात सोडला. पायपानं आधी हवा ओकली, मग गार पाणी आलं. पिंप लहानच होतं, एका माणसाचं. बघता बघता काठोकाठ झालं.

"भरलं का रं?" खालून आवाज आला.

"अजून जरा, काकू."

त्यानं पाईप कळशीत घातला. कळशी झाल्यावर पातेल्यात. मग तांब्यात.