क्लचवरचा डावा पाय

गाडी घेण्याआधी मी सहा महिने अभ्यास केला. नववीच्या पोरांना ऊर्जेचं रूपांतर शिकवणारा माणूस मी, उगाच रंग बघून गाडी घेणार नव्हतो. माइल्ड हायब्रिड पेट्रोल ठरलं. म्हणजे इंजिन पेट्रोलचंच, पण त्याला पट्ट्याने जोडलेली एक छोटी मोटर. गाडीचा वेग उतरला की ती वीज तयार करते, सीटखालच्या बॅटरीत साठवते आणि पुन्हा वेग घेताना इंजिनाला हातभार लावते. हे मी स्टाफरूममध्ये समजावून सांगितलं, सासुरवाडीत सांगितलं आणि एकदा तर पंक्चरवाल्यालाही सांगितलं. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिलं. मला सगळं येतच होतं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं काही समजावून सांगायची गरज वाटली नाही. ते लष्करात ड्रायव्हर होते. लडाखच्या बर्फात तीन टनी ट्रक चालवलेल्या माणसाला सांगलीच्या विश्रामबागेत गाडी कशी चालवायची हे मी काय सांगणार? शिवाय त्यांनी आता चालवूच नये, असं माझं मत होतं. वय त्र्याहत्तर. आई नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं मी घरात मोठ्यांदा म्हणत असे. गाडीवरचे तिन्ही ओरखडे माझ्या हातून झालेले होते, पण तो मुद्दा वेगळा.

आप्पा रोज सकाळी बॉनेट उघडायचे. पाणी बघायचं, ऑइलची पट्टी काढून पुसून बघायची, ही त्यांची लष्करातली सवय. पहिल्याच दिवशी ऑइल दोन बोटांत चोळून म्हणाले, "येवढं पातळ? ह्ये ऑइल न्हवं रं, खोबरेल हाय." मग पट्ट्याकडे बोट केलं. "आन ह्यो पट्टा येवढा रुंद कशाला? बॅटरी चार्ज करनाऱ्या अल्टरनेटरला येवढा लागत न्हाई."

"आप्पा, नवीन टेक्नॉलॉजी आहे," मी म्हणालो. वर्गात एखाद्या पोराने अवघड प्रश्न विचारला की मी असंच काहीतरी बोलतो.

दर रविवारी आप्पा एकटे गाडी घेऊन तासगावला आत्याकडे जायचे. ती त्यांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे. दोघं द्राक्षाच्या मांडवाखाली खुर्च्या टाकून बसायची, फारसं बोलायची नाहीत आणि संध्याकाळी आप्पा बेदाण्याची पिशवी घेऊन परत यायचे. त्यांचा आठवडा त्या एका दिवसावर चालायचा.

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली. "आता तूच चालीव."

"का? काय झालं?"

"लई रविवार झालं, सिग्नलला गाडी बंद पडतीया. चार येळा पडली काल. किल्ली फिरवून पुन्ना चालू करस्तवर मागनं लोक हॉर्न मारत्यात." थोडं थांबून म्हणाले, "तुज्या हातात कवा पडत न्हाई. पाय गेला माजा. क्लच कळंना झालाय."

आयुष्यात त्यांच्या हातून एकदाही गाडी बंद पडली नव्हती, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. आत्याला मी फोनवर कळवलं, की आता रविवारी जमेल तसं मी आणीन त्यांना. ते दोनदा जमलं.

गणपतीत माझा डावा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, सिग्नलला क्लच दाबून बसू नका. त्याच दिवशी लाल दिव्याला मी पहिल्यांदा नीट न्यूट्रल टाकलं, क्लचवरून पाय उचलला, आणि इंजिन बंद पडलं. घाबरून क्लच दाबला, तर इंजिन आवाजही न करता आपोआप चालू झालं. घरी येऊन प्लॅस्टिकची पिशवी फाडली. पुस्तकात चित्रासकट लिहिलं होतं: थांबल्यावर न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन पेट्रोल वाचवायला स्वतःहून बंद होतं. म्हणजे ज्याला नीट चालवता येतं त्याच्याच हातात बंद होतं. मी आयुष्यभर क्लच दाबून बसणारा, माझ्या हातात ते कधी बंद पडणारच नव्हतं.

आप्पांना सांगायचं ठरवलं. पण वाटलं, आत्ताच कशाला? सोडलंच आहे त्यांनी आपण होऊन, तर बरंच आहे. योग्य वेळ बघून सांगू. पुस्तक मी पुन्हा कप्प्यात ठेवलं, आणि योग्य वेळ काही येईना.

आप्पा आता सकाळी बॉनेट उघडून झालं की पायरीवर बसायचे आणि समोर एक वीट तिरकी ठेवून डाव्या पायाने ती दाबायचे. हळू दाबायचे, हळू सोडायचे. शंभर वेळा. मी चहा पीत खिडकीतून बघायचो. या वयात व्यायाम चांगलाच, असं बायकोला म्हणायचो. माझ्याइतका हलकट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

संक्रांतीनंतर गाडी सर्व्हिसिंगला न्यायची होती. आप्पा सोबत आले. तिथल्या पोरीने यादी वाचली: ऑइल, फिल्टर, पट्टा. आप्पांनी लगेच विचारलं, "बाई, ह्यो पट्टा येवढा रुंद कशाला?"

"काका, इंजिन चालू पण तोच करतो ना. सिग्नलला गाडी आपोआप बंद होते, मग क्लच दाबला की हा पट्टा चालू करतो."

"आपोआप बंद हुती?"

"हो. न्यूट्रल करून क्लच सोडला की. तसं डिझाइनच आहे."

गाडी मिळाली, आम्ही निघालो. आप्पा रस्त्याकडे बघत नव्हते, माझ्या डाव्या पायाकडे बघत होते. पहिल्या सिग्नलला मी न्यूट्रल टाकलं आणि पाय उचलला. इंजिन बंद झालं.

"तुला कवा कळलं?"

"गणपतीत."

"मला वाटलं, सपलो आपण," आप्पा म्हणाले.

तेव्हा मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "आप्पा, त्यानं ॲव्हरेज वाढतं."

हिरवा दिवा लागल्यावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. घेतली. "उतर," म्हणाले. मी उतरलो. तेही उतरले, पुढून वळसा घालून आले, स्टिअरिंगवर बसले, आरसा नीट केला. मी मागून फिरून डाव्या दारापाशी पोचेपर्यंत गाडी निघाली होती.

पुढच्या चौकात लाल दिवा होता. तिथं ती थांबली. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण इंजिन बंद झालंच असणार, कारण आप्पा क्लचवर पाय ठेवून बसत नाहीत. मग दिवा हिरवा झाला आणि गाडी तासगावच्या रस्त्याला लागली. त्या दिवशी रविवारही नव्हता.