बर्फ आणि दुसरा डबा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आणि वेळच्या वेळी झटकले नाहीत तर जड होतात, म्हणून आज सांगून टाकते!

आमचं मंडळ छोटं. कंपनीची पिकअप गाडी सकाळी आधी बदलापूरला, बेलवलीत मला घेते, मग अंबरनाथला कॅप्टन कांबळे सरांना आणि शेवटी उल्हासनगर कॅम्प पाचला कांचनला. सर माझे ट्रेनिंग कॅप्टन, मी को-पायलट, कांचन केबिन क्रू. तिघंही पंख्याच्या विमानावर, म्हणजे टर्बोप्रॉपवर. जेटवाले ढगांच्या वरून निघून जातात, आम्ही मात्र ढगांमधूनच. तिथे पाणी असतं आणि थंडीही असते, त्यामुळे भर पावसाळ्यात मराठवाड्यावरसुद्धा पंखांवर बर्फ धरतो. आमचे निम्मे किस्से त्या बर्फाचेच.

*

पंख्याच्या पात्यांवरचा बर्फ सुटला की तो उडून विमानाच्या अंगावर आदळतो. धाड! विमानाला काही होत नाही, पण आत बसलेल्याच्या छातीत धस्स होतं.

एकदा सरांनी ठरवलं, लोकांना आधीच सांगून टाकू. त्यांनी छान समजावून घोषणा केली, "थोड्या वेळाने बर्फ आदळल्याचा आवाज येईल. कृपया घाबरू नये."

तोवर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता सगळं विमान कानात प्राण आणून वाट बघत बसलं! पहिल्याच धाडला एका काकांनी कांचनचा हात धरला, "ये बर्फ किधर से आया?"

कांचन शांतपणे म्हणाली, "ऊपर से, अंकल. फ्री है."

काका लगेच शांत झाले. "फ्री बोला ना, की कोणपण शांत होतो," हे कांचनचं म्हणणं.

*

घरी मी बर्फाचा विषय कधी काढला नाही. आई काळजी करणारी. "वर थंडी वाजते का गं?" असं विचारायची. मी म्हणायचे, "एसी असतो."

एकदा सुट्टीच्या दिवशी ती उलथनं घेऊन आमच्या जुन्या फ्रीजमधला बर्फ ठोकत होती. आमच्या विमानाच्या पंखांना पुढच्या कडेला रबर असतं. त्यात हवा भरली की ते फुगतं आणि वरचा बर्फ तडकून पडतो. आता म्हणतात, बर्फ दिसला की लगेच ते चालू करा. जुने कॅप्टन म्हणायचे, थोडा जाड होऊ द्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, पातळ असतानाच काढायचा."

"पातळ सुटत नाही. जरा धरू द्यावा लागतो."

"तू जुन्या कॅप्टनांच्या शाळेतली आहेस!"

आईने उलथनं खाली ठेवलं. "कॅप्टनांचा आणि बर्फाचा काय संबंध?"

मी कपडे वाळत घालायला गेले.

*

कांबळे सरांबरोबर पहिल्यांदा उडाले तेव्हा त्यांनी माझं लायसन्स पाहिलं नाही, बॅग पाहिली.

"डबे किती?"

"एक, सर."

"आणि परत फिरावं लागलं तर? अगं, भुकेला पायलट पोचायची घाई करतो. बर्फात घाई केली की संपलं. दुसरा डबा हे सेफ्टी इक्विपमेंट आहे!"

तेव्हापासून मी रोज दोन डबे नेऊ लागले. आता आईला काय सांगणार? म्हटलं, "एक सरांसाठी." नीट पोचलो की परतीच्या गाडीत तो डबा कांचन फस्त करायची. आईला मात्र सरांची फार कीव यायची. "त्यांना घरी कोणी करून देत नाही का गं?"

*

एकदा सर बारवी धरणाकडे भाच्याकडे निघाले होते, म्हणून परतीच्या गाडीतून थेट बेलवलीपर्यंत आले. आई खालीच उभी होती.

"सर, भाजी आवडते ना तुम्हाला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या टायरकडे बघितलं.

"फर्स्ट क्लास, ताई! मीठ तेवढं जरा कमी चालेल."

आई हसली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डब्यात मिठाचा कणही नव्हता. आणि नेमके त्याच दिवशी आम्ही परत फिरलो!

*

ढगात सर गप्पा मारतात, पण मध्येच थांबून विचारतात, "स्पीड?" कारण बर्फ धरला की वेग घसरतो. मुलीच्या लग्नाचं बोलतानाही तसंच. "स्थळ चांगलं आहे, घर स्वतःचं आहे... स्पीड?"

तो मुलगा अंबरनाथला बघायला आला. आपण घरून काम करतो वगैरे सांगत होता. सरांनी डोळे मिटून सवयीने विचारलं, "स्पीड?"

मुलगा सावरून बसला. "शंभर एमबीपीएस, अंकल."

लग्न झालं.

*

मी कॅप्टन झाले. पहिली फ्लाइट नांदेडची. आईने कधी विमानात पाय ठेवला नव्हता, पण नांदेडला मावशी असते, म्हणून या फ्लाइटला तिला बसवलं. माझी खूप दिवसांची इच्छा होती. निघायच्या गडबडीत तिच्याकडे डबे मागायला नको वाटलं. शिवाय मावशी एअरपोर्टवर जेवण घेऊन येणार होती.

ढगात शिरलो. माझ्या खिडकीबाहेरची बर्फ दाखवणारी छोटी दांडी पांढरी झाली. रबरं फुगत होती, पाती तापत होती, तरी वेग घसरू लागला. मी ऑटोपायलट काढला, कंट्रोलला सांगितलं, नाक खाली केलं आणि उबदार हवेत उतरले. बर्फ सुटला. धाड, धाड, धाड!

वेग परत आला, पण खालच्या उंचीवर इंधन जास्त जातं. त्यात नांदेडला ढग जमिनीला टेकलेले, उतरता येईलच असं नाही. मुंबईला परतायचं तर आत्ताच फिरायला हवं होतं.

पहिला दिवस, खाली मावशी, मागे आई. पोटात कावळे ओरडत होते. "जाऊन तर बघू," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मला भीती वाटत होती, बर्फाची कमी आणि आईची जास्त.

केबिनमध्ये सगळं ठीक आहे का, हे विचारायला मी कांचनला फोन लावला.

"सब ठीक है, मॅडम. आंटी ने मेसेज दिया है."

"घाबरलीय का गं?"

"नाय." आणि कांचनने आईचे शब्द जसेच्या तसे, जपून मराठीत सांगितले:

"तिला म्हणावं, फिरायचं तर खुशाल फिर. दुसरा डबा मी आणलाय."