फुटपाथवरची गाडी

फुटलेल्या फरशांची ती तक्रार आठवली की मला आजही हसू येतं. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर हाताला प्लास्टर घालून ठाण्यात आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. चौकाजवळच्या फुटपाथवर फुटक्या फरशीत पाय अडकून त्या पडल्या होत्या.

"साहेब, फरशा आपोआप फुटत नाहीत. कुणीतरी रोज वरून गाडी घालतंय."

उसाचा हंगाम होता. चौकात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागे आणि दुचाकीवाले खुशाल फुटपाथवर चढत. आपल्या फाटकात शिरताना फुटपाथ आडवा ओलांडायला हरकत नसते. त्याचा रस्ता करून गाडी पळवणं मात्र गुन्हा आहे. मी दोन अंमलदार नेमले, बऱ्याच जणांना दंड झाला. पण फरशांवरचे व्रण चारचाकीचे होते.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर खबर आली. "कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या आबांना इचारा. त्यांनी बघितलंय." एवढं बोलून फोन बंद.

आबांना बोलावलं, चहा दिला. ते मान वर करीनात.

"मला न्हाय दिसत आता, साहेब."

मी त्यांच्या हातातली चप्पल पाहिली. टाके मोहरीएवढे बारीक होते. "आबा, एवढा टाका दिसतो आणि गाडी दिसत नाही? कुणाला भिता? मी आहे ना."

"त्येचंच तर भ्या हाय," आबा पुटपुटले. मग एकदम म्हणाले, "साहेब, गाडी तुमचीच हाय. वर दिव्याची."

ठाणे अंमलदाराने हसू लपवायला भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बाहेर जाऊन टायर पाहिले. खाचांत फुटपाथच्याच लाल फरशीचे कपचे अडकले होते.

माझ्या चालकाने लगेच कबूल केलं. "साहेब, ट्रॉल्यांमुळं उशीर व्हतो. तुमाला घरनं न्यायला गाडी नवाच्या ठोक्याला लागती."

खरं होतं. माझी गाडी कधी चुकत नाही, असं मी चारचौघांत मिरवत असे. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि वाहतूक हवालदाराला दंडाचं चलान करायला सांगितलं.

"आपल्याच गाडीवर, साहेब?"

"हो. नंबर नीट लिहा."

फरशांचा खर्च मी आणि चालकाने उचलला. रविवारी गवंडी बसला, चालकाने सिमेंट कालवलं, सिस्टर खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. काम वाळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"आधी तुम्ही चाला. फरशी हलली तर तुम्हीच पडा!"

मी पूर्ण गणवेशात त्या टोकापर्यंत चालत गेलो. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. आबा तर डोळे पुसेपर्यंत हसले.

साक्षीदार गप्प बसला की तो गुन्हेगाराला पाठीशी घालतोय, असं आम्ही धरून चालतो. तो आम्हालाच भीत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत, समोरचा माणूस बोलेना झाला की मी आधी विचारत असे, "आमचं काही चुकलंय का?" बहुतेक जण दचकून हसत. आणि मग मोकळेपणाने बोलू लागत.