समोरच्या चाळीतलं मीठ

समोरच्या मोरेश्वर भुवनाला एखादी गोष्ट मिळाली आणि आपल्याला नाही, हे भोईवाड्यातल्या रखमाबाई घाडींना जन्मात कधी सहन झालं नव्हतं. मोरेश्वर भुवनात त्यांची धाकटी नणंद शांता राहायची. दोघींच्या गॅलऱ्या समोरासमोर, मधे एवढीशी गल्ली. कुणाच्या घरी काय शिजतंय ते डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं.

तर त्या वर्षी एका संशोधन संस्थेची माणसं भोईवाड्यात आली. लोकांचं ब्लडप्रेशर कशाने वाढतं, आणि खाण्यापिण्याच्या सवयी बदलल्या तर ते आटोक्यात राहतं का, असा त्यांचा अभ्यास होता. मनाली नावाची चुणचुणीत मुलगी यंत्र घेऊन घरोघर फिरली. दंडाला पट्टा बांधला, वजन घेतलं, कमरेला टेप लावली. टेप लागताच रखमाबाईंनी पोट आत ओढून घेतलं.

"श्वास सोडा मावशी," मनाली म्हणाली. "फोटो नाही काढत आहे."

रखमाबाईंचं प्रेशर जेमतेम काठावर निघालं. पण त्यांना झोंबली ती पुढची गोष्ट. काही चाळींत दर आठवड्याला वर्ग घेणार होते, काही चाळींत नुसतंच मोजमाप. कुठे काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. वर्ग गेला मोरेश्वर भुवनाला. रखमाबाईंच्या चाळीच्या वाट्याला दंडावरचा पट्टा.

"मगे त्या शांताक शिकवतले, आणि आमका नुसते मोजतले?"

"तुम्ही नेहमीसारखंच राहायचं, मावशी," मनालीने समजावलं. "वर्षभराने दोन्ही चाळींची तुलना केली, की वर्गाचा उपयोग झाला का ते कळेल. मग तुमच्याकडेही वर्ग घेऊ."

वर्षभर थांबणं रखमाबाईंच्या स्वभावात नव्हतं. शिवाय त्यांचे यजमान, म्हणजे शांताचा थोरला भाऊ, अर्धांगाच्या झटक्याने गेले होते. त्यांना प्रेशर होतं, हे इस्पितळात नेल्यावरच घरच्यांना समजलं. त्यावर दोघी नणंदा-भावजया कधी बोलत नसत. तेव्हा वर्गाला जायचं रखमाबाईंनी ठरवलं त्यात हेवा किती आणि ते दुःख किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पहिल्याच वर्गाला त्या डोक्यावरून पदर घेऊन मागच्या रांगेत बसल्या. शिकवणारी बाई वेगळी होती, ती त्यांना ओळखत नव्हती. तिने विचारलं तेव्हा शांताने एकदा भावजयीकडे पाहिलं आणि सांगितलं, "आमची पाहुणी आहे. गावाहून आली आहे."

ही पाहुणी वर्ष होत आलं तरी गावाला परत गेली नाही.

तिथे जे ऐकायचं ते संध्याकाळी आपल्या गॅलरीत आणून ओतायचं, असा रखमाबाईंनी धडाका लावला. मिठाच्या बरणीत मोठा चमचा दिसला की छोटा ठेवायला लावायच्या. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ म्हणजे चोरपावलांनी येणारं मीठ, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की पोरं त्यांना पाहून फरसाणाची पुडी पाठीमागे लपवू लागली. सत्यनारायणाच्या जेवणात पानाच्या डाव्या कोपऱ्यातलं मीठ त्यांनी बंद करून टाकलं. शेजारचे रमाकांत तावडे रडकुंडीला आले.

"रखमाकाकू, आमटीला चव नाही हो."

"जिभेला सवय होईल. माणूस गेलं की कसली चव घेताय?"

तावड्यांनी तीच आमटी भातावर ओतून घेतली. पुढेपुढे त्यांना खरंच सवय झाली.

वर्ष सरलं, पुन्हा मोजमाप झालं, आणि काही दिवसांनी मनालीला घेऊन अभ्यासाच्या मुख्य डॉक्टर, स्पृहा दामले, चाळीत आल्या. तळमजल्यावर सगळ्यांना जमवून त्या म्हणाल्या, "तुमच्या चाळीचं प्रेशर मोरेश्वर भुवनापेक्षाही जास्त उतरलंय. आनंदाची गोष्ट आहे. पण तुम्हाला आम्ही काहीच शिकवलं नव्हतं. मग हे झालं कसं?"

सगळी चाळ फक्त रखमाबाईंकडे पाहत राहिली.

"मी जायचे समोर," रखमाबाई शेवटी म्हणाल्या. "चोरून."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, दोन्हीकडे तेच शिकवलं गेलं तर आम्ही तुलना कशाशी करायची? या दोन चाळींवरून आता काहीच सिद्ध होत नाही."

"तुमचं सिद्ध होईना का," रखमाबाई म्हणाल्या, "पण ह्या तावड्यांचं उतरलं ना?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. झालं ते झालं, जसं घडलं तसंच आम्ही अहवालात लिहू, असं त्या म्हणाल्या. मग मनालीने हळूच त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. तो वाचून त्या म्हणाल्या, "एकाच माणसाचं वाढलंय. काकू, तुमचं."

रखमाबाईंचा विश्वास बसेना. यंत्र बिघडलं असेल म्हणाल्या. पुन्हा पट्टा बांधला, थोड्या वेळाने आणखी एकदा. यंत्र ठणठणीत होतं.

"आई," त्यांची सून आकांक्षा मागून म्हणाली, "खारा बांगडा."

"तो काय रोज खाते मी?"

"रोज नाही. पण आमच्या पानात वाढत नाही, एकट्याच खाता. आम्ही ऑफिसला गेल्यावर."

चाळीत मोठा हशा पिकला. पण शांता हसली नाही. दादाला जेवताना खारा बांगडा लागायचाच, हे तिला ठाऊक होतं. तिने पुढे होऊन भावजयीचा हात धरला. "वयनी, उद्या दवाखान्यात जाऊ. मी येतंय तुझ्यावांगडा."

दुसऱ्या दिवशी दोघी महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरने रोज सकाळची एक गोळी लिहून दिली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कुणाला झटका आला होता का, चालणं किती होतं, झोप लागते का. रखमाबाईंनी भराभर उत्तरं दिली. वर्षभर त्यांनी हेच तर शिकवलं होतं.

"तंबाखू, मिश्री काही?"

"छे," रखमाबाई म्हणाल्या.

"लावते मिश्री," शांता म्हणाली. "सकाळी एकदा आणि दुपारी एकदा."

रखमाबाईंनी नणंदेकडे असं काही पाहिलं, की डॉक्टरने मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.