मुकं टेलेक्स आणि हवालदार नाना

हवालदार नानांना उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नसे, आणि मशीनचा बिघाड मात्र ते कानानंच शोधत. त्यांच्या खाकी पिशवीत एक फूटभर लाकडी पट्टी कायम असायची. तिचं एक टोक मशीनच्या अंगाला लावायचं, दुसरं डाव्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून बसायचं. तेव्हा खोलीत कुणी ब्र काढलेला त्यांना चालत नसे. नवखा माणूस हे बघून हसायचा. पहिल्यांदा मीही हसले होते, आणि पुढं तासाभरानं कानाला खडा लावला.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. माधवनगरच्या एका कापडगिरणीच्या ऑफिसात मी टेलेक्सवर होते. आता टेलेक्स म्हणजे काय हेही सांगावं लागेल. टाइपरायटरसारखं दिसणारं एक जाडजूड यंत्र, तारेनं बाहेरच्या जगाशी जोडलेलं. मुंबईत कुणी आपल्या मशीनवर टाइप केलं की तेच आमच्या कागदावर खडखड उमटायचं. यंत्र तारखात्याचं, गिरणीकडे नुसतं वापरायला. ते रुसलं की सांगलीहून तारखात्याचे मेकॅनिक सायकल मारत येत, ते हे नाना. औंधजवळच्या एका खेड्यातले. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे तारायंत्रांच्या पलटणीत, वीस वर्षं काढून हवालदार झालेले, मग सातारच्या तारऑफिसात, आणि तिथून बदली होऊन सांगलीला. "येक कान फौजेला दिला, येक घरी आनला," असं सांगायचे, आणि त्या विषयावर त्याहून जास्त कधी बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ऑपरेटर कोन हाय?" सगळ्या ऑफिसनं माझ्याकडे पाहिलं. तोवर तिथं मला ऑपरेटर कुणी म्हटलंच नव्हतं. मी बावीस वर्षांची, अख्ख्या ऑफिसात एकटी बाई, नोकरी अजून कच्ची. मॅनेजरसाहेब "ए मुली" म्हणायचे, बाकीचे "ती टेलेक्सवाली". नानांनी चपला बाहेर काढल्या आणि मला विचारलं, "आत येऊ का?" मी म्हटलं, अहो यंत्र तुमच्या खात्याचं, मला काय विचारता? तर म्हणाले, "सेट सरकारचा आसंल. पहाऱ्याची पोस्ट तुमची हाय." तेव्हापासून आमचं हे असंच. मी त्यांना नाना म्हणायची आणि ते मला ऑपरेटर, अहोजाहो करून, वयानं मी त्यांच्या लेकीएवढी असूनसुद्धा.

त्या दिवशी मशीन ठार बंद होतं. साहेबांनी त्याच्या पाठीत दोन चापट्याही मारून पाहिल्या होत्या. नानांनी पट्टी लावली, उठले, आणि भिंतीजवळ जाऊन सैल झालेला प्लग नीट खोचला. बिरूमामांच्या हातून झाडताना वायर ओढली गेली होती. बिरूमामा म्हणजे आमचे शिपाई, आटपाडीकडचे. मेंढरं दुष्काळात गेली म्हणून साठीच्या आसपास गिरणीत झाडू धरलेला माणूस. साहेब त्यांच्यावर खेकसलेच. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या कागदावर लिहिलं, 'जोडणी तपासली. यंत्र ठीक.' कुणाचं नाव नाही, गाव नाही. पण साहेबांच्या डोक्यात बिरूमामांचं नाव कायमचं नोंदलं गेलं.

नानांची कामाची रीत ठरलेली. आधी हात धुवायचे. मग पिशवी न उघडता दोन प्रश्न. "शेवटचं नीट कवा चाललं?" आणि "त्याच्यानंतर कुनी काय केलं?" उत्तर मिळेल ते खरं मानायचं आणि त्यावरून निघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलून बघायची, नाही जमलं तर होती तशी ठेवायची. "दोन येकदम बदलल्या की सुदारलं कशानं ते कळत न्हाई," म्हणायचे. मी एकदा विचारलं, लोक खोटं सांगत असतील तर हो? ते म्हणाले, "मानसाचा शब्द आदी खरा धरायचा. खोटा निगाला तर आपला येळ जातू, त्याचं काय जातंय ते त्याचं त्यानं बगावं." मला तेव्हा हे भोळसट वाटलं होतं.

टेलेक्समध्ये त्यांना सगळ्यात आवडायची ती एक लहानशी गोष्ट. मशीनवर एक कळ होती. ती दाबली की तारेच्या पलीकडच्या मशीनला 'तू कोण?' असा प्रश्न जायचा, आणि पलीकडं माणूस असो नसो, ते मशीन आपलं नाव आपण छापून पाठवायचं. पोटात एक छोटं दातेरी चाक असायचं, ते एक फेरी मारायचं की नाव तयार. नाव आलं की मगच लोक पुढं मजकूर द्यायचे. नाही आलं तर लाइन तोडायचे. कोण जाणे कुठं लागलंय. शेजारच्या दुसऱ्या कळीनं आपलं नाव आपल्याच कागदावर छापून बघता यायचं. नाना प्रत्येक दुरुस्तीनंतर ही परीक्षा घ्यायचे आणि नाव उमटलं की समाधानानं मान हलवायचे. "इचारलं की सांगायचं, मी कोन. मशीनला बी येतंय बगा."

आता माझ्या प्रतापाकडे येते. खंडेनवमीला गिरणीत एकूण एक यंत्राची पूजा व्हायची. मागांना झेंडूच्या माळा, लेथला कुंकू, हिशेबनिसाच्या टाइपरायटरवरसुद्धा फूल. फक्त माझ्या टेलेक्सला काही नाही. साहेबांचा हुकूमच होता, सरकारी यंत्राजवळ हार-फुलं, हळद-कुंकू आणायचं नाही. तशी पाटीही दारावर लावलेली, आणि ती माझ्याच अक्षरात. पण मला ते बघवेना. सगळी यंत्रं नटलेली आणि माझं तेवढं बोडकं. दुपारी सगळे प्रसादाला गेले तेव्हा मी पदराखालून कुंकू लावलेल्या अक्षता नेल्या. वरून वाहिल्या असत्या तर दिसल्या असत्या. म्हणून झाकण उचललं आणि चार दाणे आत टाकले, नमस्कार केला, झाकण लावलं. शहाणपणाची कमाल होती माझी.

दसऱ्याची सुट्टी संपून ऑफिस उघडलं. साडेनऊला मुंबईची लाइन जोडली गेली, मशीन खडखडलं, पलीकडून 'तू कोण?' आलं, आणि आमचं मशीन गप्प. पुन्हा प्रश्न, पुन्हा गप्प. लाइन तुटली. तीन वेळा असंच. मग मुंबईच्या व्यापाऱ्याचा ट्रंक कॉल आला. त्या दिवशी ते वर्षातली मोठी ऑर्डर पक्की करणार होते. "तुमचं मशीन आम्हाला ओळखच देत नाही. पाचपर्यंत झालं तर बघा, नाहीतर आम्ही दुसरीकडे विचारतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. साहेब तसेच बाहेर आले आणि बिरूमामांना म्हणाले, "सुट्टीआधी खोली तूच झाडलीस ना? आज पाचपर्यंत हे बोललं नाही, तर उद्यापासून तू येऊ नकोस."

"साहेब, म्या हात न्हाई लावला," बिरूमामा म्हणाले. "मागच्या येळपास्नं झाडू बी लांबनंच मारतूय."

मला आतून कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं. पण मी मान खाली घालून कागद लावत राहिले. माझी नोकरी पक्की व्हायला दीड महिना होता, आणि दारावरची ती पाटी माझ्या अक्षरात माझ्याकडे बघत होती.

नाना आले. हात धुतले. "ऑपरेटर, शेवटचं नीट कवा चाललं?"

"खंडेनवमीला, सकाळी अकराला."

"त्याच्यानंतर कुनी काय केलं?"

"काही नाही."

नानांनी हात पुसले. मग वळून डावा कान माझ्याकडे केला. "म्या ह्या कानानं ऐकलं न्हवतं. परत सांगा."

मी परत सांगितलं, काही नाही. झाकण कुणी उघडलं नाही.

त्यांनी मान डोलावली आणि खरं मानलं. आत कुणी हात घातला नाही म्हणजे बिघाड बाहेर असणार, म्हणून ते बाहेर गेले. ऑक्टोबरच्या उन्हात खांबाला शिडी लावून चढले, तारेचा एकेक सांधा बघितला. उतरून दुसऱ्या खांबाकडे गेले. सांगलीच्या एक्स्चेंजला तीन वेळा फोन करून तिकडून तपासायला लावलं. पन्नाशी उलटलेला माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला. मी खिडकीतून बघत होते. व्हरांड्यात बिरूमामा पायरीवर बसलेले, टोपी गुडघ्यावर. कुणी पाणी दिलं तेही घेतलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही, आणि तरीही मी उठले नाही.

साडेतीनला नाना आत आले, पुन्हा हात धुतले आणि झाकण उघडलं. पट्टी लावली, डोळे मिटले. "नावाची कळ दाबा, ऑपरेटर." मी दाबली. आतून नुसतं 'टक' झालं. चाक निघत होतं आणि तिथंच अडत होतं. नानांनी चिमटा काढला, बॅटरी तोंडात धरली, आणि अगदी हलक्या हातानं काहीतरी बाहेर काढलं. तांदळाचा दाणा. लाल.

त्यांनी तो उजेडात धरून बघितला. माझ्याकडे बघितलं नाही. दाणा मुठीत घेतला आणि म्हणाले, "दाबा." आमच्या गिरणीचं नाव कागदावर सरळ उमटलं.

आवाज ऐकून साहेब धावत आले. "काय होतं?"

"आत कचरा व्हता," नाना म्हणाले.

"म्हणजे झाडणाऱ्याचंच काम. मी सांगत होतो. बिरू!"

बिरूमामा दारात येऊन उभे राहिले. नाना एकेक स्क्रू कागदावरून उचलून जागेवर लावत होते. मूठ अजून मिटलेली होती. ते काही बोलले असते तर मी सुटले असते, एकतर पकडली जाऊन किंवा झाकली जाऊन. ते बोलले नाहीत. फक्त डावा कान माझ्याकडे केला आणि हात थांबवले.

"साहेब, मी केलं," मी म्हटलं. "मी पूजा केली. झाकण मी उघडलं. बिरूमामांचा काही संबंध नाही."

पुढचं काय सांगायचं. साहेब जे बोलले ते बोलले, दारावरच्या पाटीसकट. माझी नोकरी पक्की व्हायची ती सहा महिने लांबली आणि वर एक पत्र मिळालं, ते अजून माझ्याकडे आहे. मुंबईचा मजकूर चार चाळीसला आला. बिरूमामा मला एवढंच म्हणाले, "बाई, आदी सांगायचं की. म्या म्हनलो असतो म्याच पूजा केली म्हनून." त्यावर मात्र मला रडू आवरलं नाही.

नाना कागद घेऊन बसले होते. "काय लिहू, ऑपरेटर?"

"खरं ते लिहा."

त्यांनी सावकाश लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. 'दोष ऑपरेटरने स्वतः दाखविला. यंत्र ठीक.' मी म्हटलं, नाना, मी कुठं दाखवला, तुम्हीच शोधलात. तुमचे पाच तास मी खाल्ले. ते म्हणाले, "तांदूळ म्या शोदला. तांदूळ म्हंजी दोष न्हवं." मग बाहेर जाऊन बिरूमामांच्या शेजारी पायरीवर बसले आणि दोघांनी चहा घेतला.

त्यानंतर तीन वर्षं ते येत राहिले. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. प्रश्न मात्र तेच विचारायचे, आणि मी जे सांगेन ते आधीसारखंच खरं धरायचे. मला तेच सगळ्यात जड जायचं, आणि त्यानंच मी सुधारले असं मला वाटतं. आज कुणी चूक लपवताना दिसलं की मी ओरडत नाही. परत सांगा, म्हणते. निवृत्त होऊन गावी जाताना ते लाकडी पट्टी मला देऊन गेले.

दोन वर्षांनी एकदा सकाळचे मजकूर मशीनवर पाठवून यमाईच्या दर्शनाला औंधला गेले तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेले. नाना सोप्यात घोंगडीवर बसले होते. सून म्हणाली, "आता डावा कान बी गेला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तुमची वळख लागायची न्हाई." मी समोर बसले. त्यांना चाहूल लागली असावी.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा केला. मी पिशवी उघडली. मग रुमालातल्या देवीच्या अक्षतांतला एक दाणा काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो बोटांत धरला. हळूच फिरवला, उलटा केला, नखानं चाचपला. बराच वेळ. मग मूठ मिटली.

"ऑपरेटर," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, जुन्या सवयीनं, "शेवटचं नीट कवा चाललं?"

"आज सकाळी, नाना," मी म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. पण मी खरं सांगितलं होतं.