परत आलेली खुर्ची

"हे कुणी मागितलंय?"

सालोमीबाईंचे हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले, त्या वेळी नगरच्या हस्तकलाशाळेत डिझाइनच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घालून मला जेमतेम आठवडा झाला होता. मी एका तांब्याचे चित्र काढून नेले होते. गळ्याभोवती वेल, पोटावर मोर. तिसगावच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका होते आणि तिथे माझ्या चित्रकलेचे कौतुक होई, त्यामुळे कागद बाईंपुढे ठेवताना मी अगदी निर्धास्त होते. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र बराच वेळ पाहिले आणि खरोखर जाणून घ्यायचे आहे अशा आवाजात तो प्रश्न विचारला. मला उत्तर सुचेना. बाई थांबून राहिल्या. शेवटी मागून काष्टीचा दत्तू म्हणाला, "मोरानं मागितलं असंल, बाई." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण उत्तराची वाट पाहणे त्यांनी सोडले नाही.

यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि हेच वाक्य आम्हा विद्यार्थ्यांना नुकतेच पुन्हा ऐकावे लागले. ते असे. गेल्या थंडीत बाई घराच्या उंबऱ्यापाशी पडल्या. उजवा गुडघा दुखावला. त्या एकट्या राहतात. आम्हांला ही गोष्ट त्यांच्याकडून कळली नाही. दूधवाल्याने कुणाला तरी सांगितली, तीही बऱ्याच दिवसांनी. मग आम्ही ठरवले की साठीनिमित्त बाईंना एक उत्तम खुर्ची करून द्यायची. दत्तूचा आता नगरमध्ये लाकूडकामाचा कारखाना आहे. त्याने सागवान निवडून आणले, पाठीला छान बाक दिला, बैठक वेताने विणून घेतली आणि खुर्ची टांग्यातून बाईंकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याच टांग्यातून ती परत आली. टांगेवाल्याने निरोप सांगितला, "बाईंनी इचारलंय, हे कुनी मागितलंय."

दत्तू माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "मावशी," तो म्हणाला, "नापास झालो आपण. या वयात."

वर्गात सगळेच मला मावशी म्हणत. मी पस्तिशीला आलेली, बाकीची मुले अठरा-एकोणीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तेव्हा कुणाच्या तरी घरून डबा आला असे त्यांना वाटले होते. लोकलबोर्डाने मला बिनपगारी रजा दिली होती आणि शाळेत परतले की मुलींना हस्तकला शिकवायची होती. डिझाइन म्हणजे सुंदर नक्षी, एवढीच माझी समजूत. ती समजूत बाईंनी कधी खोडून काढली नाही. त्यांनी मला फक्त माणसे पाहायला पाठवले.

बाईंची रीत अशी होती. कुठलीही वस्तू कागदावर उतरवण्यापूर्वी ती ज्याच्यासाठी करायची त्याच्याजवळ काही दिवस जाऊन बसायचे. पेन्सिल न्यायची नाही. पेन्सिल हातात असली की माणूस पाहायचे सोडून काढायला लागतो, असे त्या म्हणत. परत आलो की विचारत, आणि आम्ही काही सांगू लागलो की मध्येच थांबवत, "हे पाहिलंस, की तुला वाटलं?" या एका प्रश्नातच आमच्यापैकी बहुतेकांची पहिली सहामाही संपली. दत्तू एकदा वैतागून म्हणाला होता, "बाई, मी म्हशीकडं एवढं बघितलं असतं तर तिनं दूध वाढवलं असतं."

शेवटच्या वर्षाच्या कामासाठी मी तिसगावच्या आठवडी बाजारातली गोदाक्का कासारीण निवडली. ती जमिनीवर फडके पसरून बसे आणि गिऱ्हाइकाचा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन बांगड्या भरे. माझ्या मनात आले, गिऱ्हाइकाच्या हाताला टेकायला काहीतरी हवे. मी वीतभर उंचीची लाकडी घडवंची करून घेतली आणि तिला नेऊन दिली. पुढच्या बाजारी गेले तर गोदाक्का त्या घडवंचीवर बसलेली.

"मास्तरीणबाई, लई ब्येस केलंया," ती म्हणाली. "बसाया."

मी हिरमुसून नगरला परतले. काम फसले तर परीक्षा हातची जाणार, आणि मग कोणत्या तोंडाने शाळेत जायचे, हेच डोक्यात होते. बाईंना सांगितले तर त्यांचे डोळे चमकले. त्या पुढच्या बाजारी स्वतः मोटारीने तिसगावला आल्या. गोदाक्कापुढे बसून त्यांनी हात पुढे केला, बांगड्या भरून घेतल्या, आणि भरून घेता घेता विचारले, "यावर बसून काही बरं वाटतं का हो?"

"व्हय तर," गोदाक्का म्हणाली. "आदी सांजच्याला उठताना पोरीला हाक मारावी लागायची. ती जायची कुटं कुटं हिंडायला. मग मी आपली बसूनच. आता माजी मी उठती."

परतताना मोटारीत बाई खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही त्यांना हवं तेच केलंत, पण चुकून. आता तेच न चुकता करा." मी घडवंची थोडी उंच केली, हलकी केली, उचलायला खाच दिली. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "यात डिझाइन कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "ती तिसगावच्या बाजारात बसली आहे. मंगळवारी भेटेल." मी पास झाले. गुण बेताचेच होते.

बाईंच्या माणुसकीविषयी लिहायचे तर एक अडचण येते. त्यांनी केलेले उपकार सापडत नाहीत, कारण ते त्या लपवतात. लढाईच्या दिवसांत तिसगाववरून पाथर्डीकडे जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की उतारूंना उतरून चालावे लागे. शनिवारी वर्ग सुटून मी अड्ड्यावर पोचेपर्यंत ती निघून गेलेली असे, मग घरी मुलांपाशी जायचे राहून जाई. मी कुणाला काही बोलले नव्हते. एका शनिवारी बाईंनी जाहीर केले की त्यांना आता सकाळच्या उजेडातच नीट दिसते, तेव्हा शनिवारचा वर्ग सकाळी भरेल. पुढची दोन वर्षे तो सकाळीच भरला. मी शिकून गेल्यावर तो पुन्हा दुपारी भरू लागला, असे मला तिथेच शिकणाऱ्या दत्तूच्या धाकट्या भावाकडून कळले. बाईंची दृष्टी एकाएकी कशी सुधारली याचे त्याला नवल वाटत होते.

आणि तरीही ह्या बाईंविषयी आम्हांला काय माहीत आहे? आम्ही त्यांच्या सांगण्यावरून किती परक्या घरांत चुलीपर्यंत जाऊन बसलो. बाईंच्या चुलीपर्यंत कुणी गेलेले नाही. शाळेमागच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांचे स्वागत ओसरीवर होते आणि निरोपही ओसरीवरूनच मिळतो. त्या कशा राहतात, काय रांधतात, एकट्या असताना गुणगुणतात का, याचे कुतूहल मला पहिल्या वर्षापासून आहे.

हा लेख लिहिण्यासाठी मी परवा त्यांच्याकडे गेले होते. (लेख संपादकांनी मागितला आहे, तेव्हा तेवढ्यापुरती मी सुरक्षित आहे.) खुर्चीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. बाई माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. दार अर्धे उघडे होते. माठापाशी त्या खाली बसल्या. मग भिंतीवर तळहात पडल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा तोच आवाज, जरा वरून. चुन्याच्या त्या भिंतीवर दोन काळपट डाग मला दिसले, एक माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरा कमरेच्या थोडा वर. रोज त्याच जागी हात टेकल्याशिवाय असे डाग पडत नाहीत.

बाई पेला घेऊन आल्या आणि माझी नजर कुठे आहे ते त्यांनी ओळखले.

"काय पाहिलंत?"

"भिंत."

"पाहिलीत, की वाटली?"

"पाहिली."

"मग पाणी प्या," बाई म्हणाल्या.

बाईंची चूल खाली आहे, माठ खाली आहे, डबे खाली आहेत, अंथरूणही खालीच असणार. आमची खुर्ची त्या घरात कुठे ठेवणार होतो, हे आम्ही कुणी विचारलेच नव्हते. साठ वर्षांच्या कुणाही बाईला चालली असती अशी ती खुर्ची होती. दत्तूला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, मग आपल्याला आत कोण सोडणार?"

बाईंना उदंड आयुष्य लाभो, असे या गौरवग्रंथात अनेकांनी लिहिले असेल. माझे मागणे त्याहून लहान आहे. पुढची पुष्कळ वर्षे बाईंनी आपली चूल आपण पेटवावी, आपले पाणी आपण घ्यावे, आणि उठताना त्यांना कुणाला हाक मारावी लागू नये. त्या हाक मारणार नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे, म्हणून तर काळजी.

तेव्हा बाई, एक विनंती. येत्या रविवारी तुम्ही उपासना आटोपून देवळातून परत आलात की मला तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसू द्या, आणि त्यानंतरही काही दिवस येऊ द्या. मी पेन्सिल आणणार नाही, दत्तूला आणणार नाही, मदतीला पुढे होणार नाही. तुम्ही नाही म्हणाल, आणि हे कुणी मागितलंय असेही विचाराल. या वेळी माझ्यापाशी उत्तर आहे. हे मी मागितले आहे. मला आत येऊ द्या.